गाडीच्या देखत भाव नको

बापू निकम काहीही विकत घ्यायला निघाले की मला सोबत नेत आणि दुकानाच्या पायरीवर बजावत, "सर, तुम्ही फक्त नावं ठेवायची. बाकीचं माझ्यावर सोडा." मी कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. नावं ठेवण्याची कला माझ्या अंगी उपजत आहे, असं आमच्या घरच्यांचं जुनं मत. पण बाहेरच्या कुणी तिचा असा रीतसर उपयोग करून घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. कूलर, सोफा, पाण्याची टाकी, पुतण्यासाठी पाहिलेली मोटरसायकल, अशा कितीतरी वस्तूंना मी बापूंच्या वतीनं शहरभर नावं ठेवली. त्यातल्या एकाही दुकानदारानं मला पुन्हा कधी चहा विचारला नाही.

ही रीत बैलबाजाराची. बापूंचे वडील, तात्या, हे कन्नड तालुक्यातले नावाजलेले बैलपारखी. बैल घ्यायला जाताना सोबत एक नावं ठेवणारा माणूस न्यायचा, हा त्यांचा नेम. आपण बैलाकडे ढुंकूनही बघायचं नाही, शेजारच्या बैलाची चौकशी करायची. सोबतच्यानं मात्र खूर, शिंगं, वशिंड सगळ्यात खोट काढायची. आणि भाव ठरवायचा तो तोंडानं नाही. बैलापासून चार पावलं लांब जायचं, हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलणी करायची. बापूंच्या मते यात रुमालापेक्षा ती चार पावलं महत्त्वाची. "जनावराला कळतं, सर. आपली किंमत करायलेत हे त्याला समजलं की ते मनातून उतरतं. मग कितीबी पेंड चारा, अंगी लागत नाय."

बापू शहरात येऊन सिडकोत आमच्या शेजारी राहू लागले, तेव्हा बैल मागे राहिले पण रीत सोबत आली. गुलमंडीवर कूलर घ्यायला गेलो, तो दिवस मी विसरणार नाही. उन्हानं दुकानातला माणूस अर्धमेला झालेला. मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "याची गवताची जाळी फारच विरळ दिसते." बापू शेजारच्या पंख्याकडे बघत उभे. मग त्यांनी दुकानाचे म्हातारे मालक हाजीभाई यांना खांद्याला धरून रस्त्यावर नेलं, भर उन्हात खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला आणि खाली बोटं चाचपायला सुरुवात केली. रिक्षावाले थांबून बघायला लागले. हाजीभाई कळवळून म्हणाले, "क्या बापू, फिर हात पकडे! लोगां देखरे. मुँह से बोलो ना, मियाँ." बापू हलकेच म्हणाले, "कूलर ऐकायलाय, हाजीभाई." तो कूलर अजून चालतो आहे, एवढं मला कबूल करावं लागेल.

बुटके, रुंद खांद्यांचे, मिशांना न चुकता कलप लावणारे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले बापू. गावाकडची शेती आणि कन्नडचं खत-बियाण्यांचं दुकान पुतण्यावर सोपवलेलं, मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात ते, सुमनवहिनी आणि दारात एक जुनी राखाडी गाडी. शहरातला प्रत्येक माणूस दसऱ्याला गाडीची पूजा करतो. बापू पोळ्याला करत. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: तूप आणि हळद घेऊन पुढच्या दोन्ही चाकांच्या वरचा पत्रा प्रेमानं चोळायचा आणि उद्या जेवायला या म्हणून गाडीला आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी आरशांना गोंडे, बॉनेटवर पुरणपोळी. कॉलनीतली कुत्री वर्षभर त्या दिवसाची वाट बघत.

गाड्यांचा त्यांना नाद होता म्हणणं कमी पडेल. खुर्चीत बसल्या बसल्या ते रस्त्यावरून गेलेली गाडी न बघता सांगत. "वकिलाची गाडी. पट्टा वाजायलाय तिचा. उद्या बंद पडती." ती पडायचीच. गाड्यांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या, उभट आणि बसकी. उभट म्हणजे हल्ली ज्याला त्याला हवी असणारी, पांढरी, उंच, समोरच्याच्या अंगावर आल्यासारखी दिसणारी. बसकी म्हणजे आपली सेडान. उभट गाडीबद्दल ते वाईट बोलत नसत, पण बोलायची वेळ आली की हातानं माशी वारल्यासारखं करत.

मग एका वर्षी आद्रकीला कधी नव्हे तो भाव आला. गावाकडच्या बापूंच्या जमिनीत त्या साली आद्रकच आद्रक होती. कन्नडकडच्या पोरांनी उभट गाड्या घ्यायचा सपाटा लावला, आणि बापूंनी एका संध्याकाळी कॉलनीच्या बागेतल्या बाकावर जाहीर केलं, "आपुन एक बसकी घेतोय. पण पळणारी. परफॉर्मन्स सेडान म्हणतात तिला." हा शब्द त्यांनी देवाचं नाव घ्यावं तसा सावकाश उच्चारला. गाडी जर्मन होती, गडद निळी, मागे धुराच्या चार नळ्या, आत लाल दोऱ्याची शिवण. तिचा फोटो ते पाकिटात, वहिनींच्या फोटोच्या मागे ठेवत. वहिनींना तो सापडला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यामागं का होईना, ठेवलीय."

तायडे वकील हे कॉलनीतल्या उभट पक्षाचे पुढारी. ते चवताळले. "बापू, अहो ह्या पैशात दणकट गाडी येते. सात माणसं बसतात, घाटात दम लागत नाही. ही तुमची बसकी कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या स्पीड ब्रेकरवरच पोट घासणार."

"वकीलसाहेब, सात माणसं मला न्यायचीच नायत. मी अन् ही. सात जण बसले की गाडीवर कुणी बोलत नाय, भावकीवरच बोलणं चालतं."

त्यानंतर रोज संध्याकाळी बागेत एकच खेळ चालू झाला. त्या पैशात काय काय येईल? कुणी पडेगावला प्लॉट घेतला, कुणी ट्रॅक्टर, कुणी सबंध रानाला ठिबक करून दिलं, एकानं तर बापूंना युरोपला पाठवून परत आणलं. दुसऱ्याच्या पैशाचा विनियोग करण्यात माणसाला जो उत्साह येतो, तो स्वतःच्या पैशाच्या बाबतीत कधी येत नाही. मीही मागे नव्हतो. म्हटलं, "बापू, वेगाचेच जर एवढे पैसे असतील तर तो वेग वापरणार कुठे? जालना रोडवर दर हाकेच्या अंतरावर सिग्नल. गावाकडं जाताना दौलताबादच्या जुन्या अरुंद दरवाजात समोरून ट्रक आला की सगळे बंद. पुढं रस्त्यात मेंढरं, टमटम, उसाच्या गाड्या. मग उरलं काय?"

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात बसून बापूंनी मला तात्यांच्या जोडीची गोष्ट सांगितली. तात्यांकडे शंकरपटाची एक जोडी होती. शर्यत सोडून तिला दुसरं काम नव्हतं. नांगराला नाही, मोटेला नाही, गाडीला नाही. खाणं मात्र चार बैलांचं. गावात त्यांना लोक तोंडावर विचारत, तात्या, ही जोडी पोसणं परवडतं कसं? तात्या म्हणत, "नांगराला बैल हायेत की. ही जोडी मला सकाळी उठायला लागती."

"तसंच हाय सर," बापू म्हणाले.  उत्तर दिलं ते वहिनींनी. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "सकाळी उठायला घड्याळ हाय घरात."

पण वहिनींचं भांडण पैशाशी नव्हतंच, हे आम्हाला लवकरच कळलं. बापूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. ही बातमीही त्यांनी बागेतच, आद्रकीचा भाव सांगावा तशी दिली. "समोरचं लख्ख दिसतं. बाजूचं कमी होत चाललंय. घोड्याला झापडं बांधतात ना, तसं." डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि सांगितलं होतं, दिवसाउजेडी, सावकाश, तेवढीच गाडी चालवा, पुढच्या तपासणीत बघू, बहुधा बंदच करावी लागेल.  तायडे वकिलांनीसुद्धा त्या दिवशी उभट गाडीचा विषय काढला नाही.

आता घाई कसली होती ते उघड झालं. गाडी चालवणं सुटायच्या आत एकदा, थोडे दिवस का होईना, तशी गाडी आपल्या हाताखाली असावी, हीच त्या माणसाची इच्छा. आणि वहिनींची भीतीही तितकीच उघड होती. एकदा माझ्या बायकोपाशी बसून त्या बोलत होत्या, मी आत ऐकत होतो. "गाडी घेऊ द्या की. पैशाचं मला काय नाय. पण हे समोर बघत जातील अन् बाजूनं कुणाचं लेकरू आलं तर? यांचं काय व्हायचं ते होईल, त्या लेकराचं काय?" बापूंना हे त्या रोज सांगत. बापू म्हणत, "गाडी चालवताना समोरच तर बघायचं असतं." मग दोघंही जेवत नसत, आणि वहिनी आमच्या घरी भाजी मागायला आल्या नाहीत म्हणजे भांडण झालं, हे आम्हाला कळायचं.

शेवटी वहिनींनी एवढंच कबूल केलं की बघायला चला, पण मी सोबत येणार. अशा रीतीनं आम्ही तिघं जर्मन गाड्यांच्या त्या गारेगार शोरूममध्ये शिरलो. बापूंनी दारात माझ्याकडे बघून मान हलवली. मी कामाला लागलो.

आमच्या वाट्याला पल्लवी नावाची, काळा कोट घातलेली एक चुणचुणीत मुलगी आली. बापूंनी निळ्या गाडीकडे पाठ केली आणि शेजारच्या पांढऱ्या उभट गाडीची चौकशी सुरू केली. मी निळीभोवती फिरत म्हणालो, "रंग फार गंभीर आहे. डिकी अगदीच नावापुरती. आणि हा पुढचा टायर मला थकल्यासारखा वाटतो." आयुष्यात माझ्याकडे दुकानदारांनी वेगवेगळ्या नजरांनी बघितलं आहे, पण पल्लवी प्रसन्न हसली आणि हातातल्या टॅबवर टाइप करत म्हणाली, "थँक्यू सर, तुमचा फीडबॅक मी वरपर्यंत पोचवते. आणखी काही?"  नावं ठेवणाऱ्याचे आभार मानल्यावर त्यानं पुढे करायचं काय, हे तात्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं.

बापू शेवटी निळीकडे वळले. आधी मागून, मग डावीकडून, अगदी सरतेशेवटी समोर. बॉनेटवर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हिला जरा चालवून दाखवा. मला चाल बघायचीय." पल्लवीनं गाडी शोरूमच्या अंगणात काढून पुढे-मागे केली आणि बापू उकिडवे बसून मागच्या चाकांकडे बघत राहिले. शोरूमचा मॅनेजर काचेतून बघत होता. त्याला काय वाटलं असेल ते असो, पण बापूंच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते फार साधं होतं. त्या माणसाला ती गाडी हवी होती.

पल्लवी म्हणाली, "काका, ऑन रोड प्राइस सांगू?"

"इथं नको!" बापू एकदम दचकून म्हणाले. "गाडीच्या देखत भाव नको. बाहेर चल."

आम्ही सगळे बाहेर फुटपाथवर, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी आलो. बापूंनी सराईतपणे रुमाल काढला, झटकला, हात पुढे केला आणि तिथंच अडले. समोर परकी, मुलीच्या वयाची पोरगी. तिचा हात कसा धरायचा? तात्यांच्या बाजारात असा प्रसंग आला नव्हता. रुमाल हवेत धरून बापू घामाघूम. मग त्यांनी हळूच हाक मारली, "अगं, इकडं ये."

वहिनी डोळे मोठे करून आल्या. ज्या गाडीला त्यांचा कडाडून विरोध, तिचा भाव करायला त्यांचाच हात लागत होता. बापूंनी कानात काहीतरी सांगितलं. वहिनींनी रुमालाखाली पल्लवीचा हात धरला आणि बोट दाबलं. पल्लवी क्षणभर गोंधळली, मग तिनं दुसरा हातही वहिनींच्या हातावर ठेवला आणि मायेनं म्हणाली, "काकू, काही टेन्शन घेऊ नका. सगळं नीट होईल." वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. कितीतरी दिवसांत त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. रसवाला घुंगरू वाजवायचं विसरून आमच्याकडे बघत होता, आणि बापू मात्र अस्वस्थ होऊन विचारत होते, "किती म्हणाली? किती म्हणाली?"

भाव तसाच राहिला. टेस्ट ड्राइव्ह मात्र ठरली. पल्लवीला शहरातच एक चक्कर मारून आणायची होती. बापूंनी गाडी पैठण रोडनं बिडकीनकडे घ्यायला लावली. तिथं कारखान्यांसाठी आखलेले रुंद, रिकामे रस्ते आहेत. कारखाने अजून यायचे आहेत, पण दिवे, दुभाजक आणि झाडं हजर झालेली. दुपारचं लख्ख ऊन. तिथवर पल्लवीनं चालवली, मग बापू स्टेअरिंगवर बसले. पल्लवी त्यांच्याशेजारी, मी आणि वहिनी मागे. वहिनींनी पदर खोचला आणि पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

बापूंनी आधी गाडी चालत्या बैलासारखी नेली. मग रस्ता सरळ झाला आणि त्यांनी पाय दाबला. मागे चार नळ्यांतून एक घोगरा आवाज निघाला आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी जन्मभर जमिनीची रूपं शिकवली, पण जमीन अशी पायाखालून ओढून घेतल्यासारखी जाताना पाहिली नव्हती. आणि मग शेजारून हसण्याचा आवाज आला. वहिनी हसत होत्या. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलीसारख्या, तोंडाला पदर लावून, अंग हलवून. गाडी हळू झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगं बाई! ओ, परत एकदा."

बापूंनी आरशात त्यांच्याकडे बघितलं. एवढा सुखी माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यांनी गाडी वळवून पुन्हा पाय दाबला.

डावीकडून मेंढरं येत होती. मला दिसली, पल्लवीला दिसली, वहिनींना दिसली. रस्त्याच्या कडेच्या गवतातून कळप सरळ डांबरावर चढत होता. बापू समोर बघत होते. त्यांचं हसू तसंच होतं, पाय तसाच होता. आम्ही तिघं एकाच वेळी ओरडलो. बापूंनी ब्रेक दाबला आणि गाडी तोंड खाली घालून जागच्या जागी थांबली. एका मेंढीचं नाक बॉनेटला लागेल इतकं जवळ होतं. ती मेंढी आमच्याकडे बघत शांतपणे चघळत उभी राहिली.

खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला मेंढपाळ धावत आला. "ओ पाव्हणं! दिसत नाय का?"

बापू खाली उतरले. आता जुंपणार म्हणून मी दार उघडून तयारीत. रस्त्यात असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर काय द्यायचं असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि बापूंचा आवाज काही लहान नव्हता. पण बापू म्हणाले, "नाय दिसत, भाऊ. ह्या अंगाचं मला खरंच नाय दिसत."

मेंढपाळाची काठी खाली आली. तो बापूंच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढं खरं उत्तर मिळेल असं त्यालाही वाटलं नसावं. थोड्या वेळानं दोघं मिळून मेंढीचे पाय चाचपून बघत होते. मेंढी धडधाकट होती, उलट या चौकशीला कंटाळली होती. मग मेंढपाळानं गाडीकडे बघून विचारलं, "केवढ्याची हाय?"

बापूंनी त्याला खांद्याला धरून चार पावलं बाजूला नेलं. त्यानं काही न विचारता घोंगडीचं टोक दोघांच्या हातांवर ओढलं. बाजारात मेंढरं विकणारा माणूस तो, त्याला रीत ठाऊक होती. खाली बोटं हलली. त्याच्या भुवया वर गेल्या, मग पुन्हा खाली आल्या. "नाय, महाग नाय," तो म्हणाला. "पळत्यात तर समद्याच. ही थांबली."

बापू परत आले आणि किल्ली पल्लवीच्या हातात दिली. "पोरी, गाडीत खोट नाय. पैशाला पुरेपूर हाय. गिऱ्हाईकच बरोबर नाय. तू चालव." आणि ते मागे वहिनींशेजारी येऊन बसले. मी पुढे गेलो.  शोरूमच्या दारात पल्लवीनं मला विचारलं, "सर, आता काही फीडबॅक?" मी म्हटलं, "काही नाही. गाडी फार चांगली आहे." बापूंनी ऐकलं, पण मला रागावले नाहीत.

त्यानंतर जे झालं त्याची कुणाला अपेक्षा नव्हती. वहिनी फिरल्या. "घ्या म्हणते ना मी. ड्रायव्हर ठेवू. मागं बसू दोघं." आणि बापू अडून बसले. "पळणारी गाडी दुसऱ्याला हाकायला द्यायची अन् आपुन मागं बसायचं? मग एसटी काय वाईट हाय?" भांडणाच्या दोन्ही बाजूंची वाक्यं तीच, फक्त माणसं बदललेली. वहिनींनी तर तात्यांच्या जोडीचा दाखला देऊन पाहिला. त्या म्हणाल्या, "तात्या तरी जोडी दरवेळी सोता हाकायचे का?" बापू म्हणाले, "दरवेळी. पडले तरी." एकदा वहिनी बागेत येऊन तायडे वकिलांना म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना त्यांना," आणि उभट पक्षाचा तो पुढारी बसक्या गाडीची वकिली करायला बापूंच्या घरी गेला. केस हरून परत आला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत बापूच म्हणाले, "सोडली." राखाडी गाडीसुद्धा त्यांनी विकली. घेणारा माणूस दारात आला तेव्हा बापू त्याला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि तिकडेच बोलणी केली. गाडी गेल्यावर ते बराच वेळ पाण्याचा पाइप घेऊन रिकामी जागा धूत राहिले. मला फार वाईट वाटलं. मी जवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं असं नाही. असल्या वेळी माझ्या तोंडून खोटच निघते. मी आमच्या अंगणात उभा राहिलो, तेवढंच.

वर्षभरात ती दोघं शहरातलं घर भाड्यानं देऊन गावाकडे राहायला गेली. शेताजवळ बरं, रस्ता ओलांडायला लागत नाही, असं वहिनींचं म्हणणं. फोन व्हायचे. पोळ्याला पुरणपोळ्या यायच्या, पुतण्याच्या हाती.

मग अलीकडे एकदा मी वेरूळला निघालो होतो. कन्नडच्या एसटीत चढलो, मागच्या दारी गर्दी म्हणून पुढे सरकत गेलो आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बापू दिसले. मिशांचा कलप गेलेला, शर्ट तोच. खिडकीशी वहिनी, आतल्या बाजूला, समोरचा रस्ता दिसेल असे टेकून बापू. दवाखान्यातून परत चालले असावेत. मला पलीकडच्या रांगेत, एक सीट मागे जागा मिळाली, म्हणजे त्यांना न दिसणाऱ्या अंगाला. खांद्यावर थाप मारावी म्हणून हात उचलला आणि थांबलो.

बापूंचा उजवा पाय चालत होता. ड्रायव्हरनं गाडी पळवली की तो पायाखालच्या पत्र्यावर दाबला जायचा, वळणाच्या आधी सैल व्हायचा. डावा पाय क्लचचं काम करत होता. खरं सांगायचं तर समोरच्या ड्रायव्हरपेक्षा बापूंचा क्लच हलका होता. मी हसणार, तेवढ्यात मला वहिनींचा आवाज ऐकू आला. त्या अगदी हळू, बापूंनाच ऐकू जावं अशा बोलत होत्या. "डावीकडं शेळ्या." बापूंचा पाय सैल झाला. "गेल्या." पाय दाबला गेला. "उजव्या अंगानं दुचाकी येती. दोन पोरं हायेत." पाय सैल. "गेली." दौलताबादच्या दरवाजाशी समोरून टेम्पो आला तेव्हा तर वहिनींनी त्यांचा दंडच धरला आणि बापूंनी सबंध एसटी अलगद थांबवली. मग दोघांनी एकमेकांकडे बघून श्वास सोडला.

वेरूळ येईपर्यंत असंच चाललं. मी उठलो, मागच्या दारानं उतरलो. हाक मात्र मारली नाही. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, असं एसटीत लिहिलेलंच असतं.